सव्वा तेरा इंच

गावाचं नाव लिहितात लिओमिन्स्टर आणि म्हणतात लेम्स्टर.
इथे राहायला आल्यावर आधी हेच शिकले,
की छापलेलं सगळंच उच्चारायचं नसतं.

हेरफर्डच्या दुकानातला पोरगा म्हणाला होता,
'मॅडम, ही तुमच्यासाठीच घडवलीय.'
साडीवाले पदर खांद्यावर टाकून म्हणतात, तस्सं.
एकीवर एक दोन नळ्या, बाजूला कोरलेले तितर,
अक्रोडाच्या दस्त्याला मधाची लकाकी.
क्लबवर नेऊन चाळीस तबकड्यांवर झाडून पाहिली.
चार फुटल्या.
आठवडाभर दंडावर जांभळं पिकलं होतं.
'सवय होईल,' तो म्हणाला.
चपला विकणाराही हेच म्हणतो.

इमरिस प्रॉबर्टच्या दुकानात
घंटा वाजवली की आधी कुत्री येते, मग तो.
त्याने परवाना वाचला, फोटो पाहिला, मला पाहिलं.
किंमत विचारली तर म्हणाला, 'कशाची?'
मग आडनाव विचारलं. टिपणीस.
अर्थ काय?
आता काय सांगू,
की टिपणं म्हणजे नोंदणं, टिपणं म्हणजे नेमकं मारणं,
आणि डोळ्यातलं पाणी कापसाने उचलणं हेही टिपणंच.
आमच्या घराण्याने फक्त पहिलं केलं. पिढ्यान्‌पिढ्या वह्या.
'लिहिणाऱ्यांचं,' एवढंच म्हटलं.

भिंतीवरून त्याने एक लाकडी सांगाडा काढला,
दस्ता जागोजागी खिळखिळा, स्क्रूंवर वाकणारा.
उघडून दाखवला. दोन्ही घरं रिकामी.
नळ्यांतून खिडकी पाहायला लावली, दोन गोल उजेड,
मग माझं बोट आत घालून पुन्हा खात्री.
आणि दोन पावलं मागे सरून म्हणाला,
'डोळे मिटा. खांद्याला लावा. उघडा.
नेम माझ्या डोळ्यावर.'

रिकामी आहे हे मी पाहिलं होतं.
तरी हात थरथरले, त्याची पापणी नाही.
चाळीस वर्षं हा माणूस असाच उभा राहतोय,
परक्या माणसांच्या नळीसमोर, चष्मा पुसून.

'डावा,' तो म्हणाला.
काय डावा?
'तुमचा डावा डोळा मालक आहे. उजवा नुसता भाडेकरू.'
मग सावकाश, जनावराला विचारावं तसं,
'हात कोणी बदलला तुमचा?'

कुणी म्हणजे,
ती काही गोष्ट नव्हती सांगण्यासारखी.
भोरच्या शाळेत दुसरीत सावरकरबाई,
डाव्या मनगटाला रिबिनीने बाकाशी बांधलेलं.
जेवताना पानावर आईची नजर.
मला वाटलं होतं मी ते केव्हाच विसरले.
बंदुकीने आठवण ठेवली होती.

दोन तास त्याने स्क्रू फिरवले.
डाव्या खांद्यावर ती आली, आणि गाल
उशीवर टेकावा तसा टेकला. काही शोधावं लागलं नाही.
मी म्हटलं, द्या.
तो म्हणाला, 'माझ्याकडे तुमची बंदूक नाही.'

मागे भिंतीवर सव्वीस होत्या, मी मोजल्या.
'सगळ्या उजव्या खांद्याच्या. तापवून वाकवता येतील,
पण लाकूडही जुनी सवय धरून बसतं.
लडलोला ग्वेन बीव्हन आहे, माझी जुनी वैरीण,
तिच्याकडे एक डावी आहे, वीस बोअरची.
तीनशे जास्त सांगेल. दीडशेला येईल.'

पावतीच्या पाठीवर शिसपेन्सिलीने:
लांबी सव्वा तेरा. झुकाव पाव इंच, डावीकडे.
पैसे घेईना. लाजेखातर काडतुसांचा एक डबा घेतला,
तर म्हणाला, 'हा कशाला? अजून घालणार कशात?'
आणि परत फळीवर ठेवला.

घरी पोलिसांनी तपासलेलं पोलादी कपाट,
चार बोल्ट, दोन किल्ल्या, आत काहीच नाही.
शनिवारपर्यंत त्यात ती पावती ठेवलीय.
कुलूप लावलं.
डाव्या हाताने लावलं, दोनदा चुकून.